आधी एक गाणं पूर्ण करा, मग पेडलचं बघू

मागच्या उन्हाळ्यात माळा आवरताना मला पाच रिकामी खोकी सापडली. एक डिलेच्या पेडलचं (गिटारचा आवाज प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं, पायाने दाबायचं यंत्र), एक इंटरफेसचं (गिटार आणि माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माईकचं. उरलेली दोन कशाची ते वरचं चित्र बघितल्यावर आठवलं. वॉरंटीसाठी म्हणून सगळी जपून ठेवलेली. बायको खाली शिडी धरून उभी होती. तिने विचारलं, "एवढ्या सामानात गाणी किती झाली?" मी "ही खोकी रद्दीवाल्याला द्यायची का?" असं विचारून विषय बदलला. खरं उत्तर होतं, एकही नाही. फोनमध्ये पन्नासेक तुकडे होते, वीस-तीस सेकंदांचे. शेवटापर्यंत गेलेलं एकही नव्हतं.

गिटारवाल्यांत या दुखण्याला 'गॅस' म्हणतात. सामान जमवण्याच्या नादाचं जे इंग्रजी नाव आहे, 'गिअर ॲक्विझिशन सिंड्रोम', त्याची ही आद्याक्षरं. आपल्याकडे गॅस झाला की ओवा चावतात. मला सापडलेला ओवा असा: हातातल्या गिटारवर, खिशातल्या फोनमध्ये, दोन मिनिटांचं एक गाणं शेवटापर्यंत रेकॉर्ड करायचं, आणि ते नीट ऐकून होईपर्यंत काही विकत घ्यायचं नाही. नुकतीच गिटार घेतलेल्या आणि रात्री बारा वाजता पेडलचे व्हिडिओ बघत बसणाऱ्या सगळ्यांसाठी ते कसं करायचं हे लिहितोय. मी सोलापुरात राहतो, त्यामुळे फरशी, ऊन, टॉवेल आणि शेजारी इथलेच आहेत.

पहिली पायरी: गिटार ताळ्यावर आणा

"माझ्या गिटारचा आवाजच येत नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तारा वर्षभर जुन्या असतात. घामाने तार गंजते, त्यावर धूळ बसते आणि आवाज गोणपाटातून आल्यासारखा येतो. नवा सेट टाका. बोटं अजून कोवळी असतील तर दहा किंवा अकराचा घ्या. दहाचा म्हणजे सगळ्यात बारीक तार एक इंचाचा शंभरावा भाग जाडीची. खरेदीच्या या उपासात तारा आणि दोन-तीन पिक (तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या) एवढाच फराळ चालतो.

मग कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), सगळ्यात जाड तारेच्या खाली किती जागा आहे ते मोजा. अकूस्टिक गिटारला दोन ते अडीच मिलिमीटर ठीक. चारच्या आसपास असेल तर एफ हा कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) जमत नाही यात तुमचा काही दोष नाही, गिटार तुमच्याशी भांडतेय. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन सेटअप करून घ्या, म्हणजे तारांची उंची जुळवून घ्या. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळी) पहिल्याच वेळी स्वतः पिळायला जाऊ नका.

इथल्या उन्हाचंही बघावं लागतं. गिटारच्या लाकडाला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के ओलावा मानवतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडची हवा पापड वाळवायला उत्तम असते, लाकडाला नाही. फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, मग मान धरून हात सरकवला की फ्रेटची टोकं टोचायला लागतात. उपाय स्वस्त आहे. साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी गिटारच्या बॅगेत टाकायची. पाणी गळता कामा नये. उन्हात लावलेल्या गाडीत मात्र गिटार ठेवू नका. डिंक मऊ पडतो आणि ब्रिज, म्हणजे पेटीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी, उचलला जातो. माझ्या एका मित्राची गिटार एका लग्नात दुपारभर डिकीत राहिली. जेवण छान होतं म्हणतो.

सूर लावायला फोनवरचं फुकट ट्यूनर पुरतं. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. वरून उतरवली तर ती थोड्या वेळाने आणखी घसरते.

दुसरी पायरी: गाण्याला शेवट द्या

माझ्या भिंतीपलीकडे एक अण्णा राहतात. आयुष्यभर मागावर काम केलेला माणूस, कान त्या खटखटीत घडलेला. एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काय बे, रोज तेवढंच वाजवतो. फुडचं येत नाही का?"

येत नव्हतं. घरी वाजवणाऱ्या बहुतेकांना गाण्याची सुरुवात येते, फार तर मधला भाग येतो, आणि मग फोन वाजतो किंवा जेवायला हाक येते. म्हणून वाजवायला बसण्याआधी कागदावर गाण्याचा आराखडा लिहा. उदाहरण देतो. जी, ई मायनर, सी, डी असे चार कॉर्ड, प्रत्येकाला चार मात्रांचा एक बार. मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) मिनिटाला ७२ ठोक्यांवर ठेवला तर दोन मिनिटांत बरोबर ३६ बार बसतात, म्हणजे या चार कॉर्डच्या नऊ फेऱ्या. पहिली फेरी नुसती एकेक तार छेडत. पुढच्या चार फेऱ्या कडव्याच्या, बोटांनी. मग तीन फेऱ्या पिकने, जरा मोकळ्या हाताने. नववी फेरी पुन्हा एकेक तार छेडत, आणि शेवटी जी वाजवून हात उचलायचा. तारा आपोआप शांत होईपर्यंत हलायचं नाही. हा शेवट सगळ्यात आधी वाजवून बघा.

चाल स्वतःची असली तर उत्तम. सुचत नसेल तर आजीच्या तोंडची एखादी ओवी घ्या. ओवीची चाल थोड्याच सुरांत फिरते आणि दोन-तीन कॉर्डवर छान बसते. जगातल्या सगळ्यात अवघड सोलोच्या वाटेला सध्या जाऊ नका.

आठवडाभर रोज वीस मिनिटं. पहिले तीन दिवस मेट्रोनोम ६० वर. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ६० वर जो सूर फसतो तो ७२ वर लपतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा वर येतो.

तिसरी पायरी: खोली

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे जास्तीत जास्त पैसे इथेच वाया गेले. आवाज पोकळ येतो म्हणून मी माईक बदलला. पोकळ होती ती खोली.

आपल्या घरांत खाली शहाबादी किंवा टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर, वर स्लॅब. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' असा बारीक थरथरता आवाज आला, तर टाळी समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये चेंडूसारखी आपटतेय. गिटारचंही तेच होतं. प्रत्यक्ष वाजवताना आपला मेंदू ते गाळून टाकतो. फोन गाळत नाही.

आता सोलापूरकरांची चंगळ. लोक आवाज शोषायला काळे फोमचे तुकडे मागवतात. आपल्या घरात लग्नात आलेल्या चादरी आणि टॉवेल कपाटात मावत नाहीत. टर्किश टॉवेल हाताने चाचपून बघा. त्याचे उभे फासे म्हणजे हजारो बारीक बोळ. आवाज म्हणजे हलणारी हवा. ती त्या बोळांत शिरते, धाग्यांवर घासते आणि तिची शक्ती उष्णतेत विरते. एवढंच काम त्या फोममध्ये होतं.

करायचं असं. कपडे वाळत घालायचा स्टँड तुमच्या पाठीमागे उभा करा आणि त्यावर दोन चादरी दुहेरी करून टाका. दुसरा स्टँड किंवा दोन खुर्च्या समोर, फोनच्या मागे, त्यावर जाड टॉवेल. पायाखाली सतरंजी. चादर भिंतीला चिकटवून लावण्यापेक्षा भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर जास्त काम करते. भिंतीला टेकून हवा जवळजवळ हलतच नाही, थोडं पुढे हलते, आणि हलणारी हवाच कापडात अडकते. गादी असेल तर कोपऱ्यात उभी करा. मग पुन्हा टाळी वाजवा. 'टर्रर्र' गेला असेल.

दोन गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. एक, खर्जाचा घुमारा चादरीने जात नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिला चादर म्हणजे मच्छरदाणी. घुमारा येत असेल तर बसायची जागा बदला. खोलीच्या अगदी मध्यावर आणि कोपऱ्यात बसू नका. दोन, बाहेरचा आवाज कापडाने अडत नाही. तो अडवायला जड भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. आपण भाड्याच्या घरात एवढंच करू शकतो की वेळ निवडायची.

माझी वेळ पहाटे साडेपाचची. पंखा बंद ठेवता येतो, फ्रीजचं बटण वीस मिनिटं काढता येतं, रस्त्यावर दूधवाल्याशिवाय कुणी नसतं. (फ्रीज पुन्हा चालू करायला विसरू नका. गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवा म्हणजे आठवतं.) मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणाऱ्याने आधी आरोग्य विमा काढावा. आणि सोलापूरकरांसाठी खास सूचना: पाणी यायच्या दिवशी रेकॉर्डिंग ठेवू नका. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी, सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू होतात. शेजारी माग असेल तर तो ज्या दिवशी बंद असतो तो दिवस धरा. मी एकदा उलटं केलं होतं, मागाच्याच लयीवर वाजवून बघितलं. लय पक्की असते, पण तुमच्यासाठी थांबत नाही.

चौथी पायरी: फोन कुठे ठेवायचा

फोन विमानात बसल्यासारखा करा, म्हणजे एअरप्लेन मोड. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाईल) निवडा आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी किंवा गोंगाट काढणारी सोय दिसली तर बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते. जीचा लांबत गेलेला शेवट तिला गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकते.

नवीन माणूस हमखास फोन गिटारच्या भोकासमोर धरतो. आवाज तिथूनच येतो असं वाटतं म्हणून. पण पेटीतली हवा त्या भोकाशी, बहुतेक गिटारमध्ये १०० हर्ट्झच्या आसपास, भांड्यात फुंकल्यासारखी घुमते. रेकॉर्डिंग ढोलासारखं येतं. फोन मान आणि पेटी जिथे जुळतात त्या बाजूला, बाराव्या-चौदाव्या फ्रेटसमोर, हातभरापेक्षा थोडा जवळ ठेवा. तीस सेंटिमीटरपासून सुरुवात करा. फोनचा माईक बहुतेक खालच्या कडेला असतो, ती कडा गिटारकडे हवी. फोन टेबलावर आडवा टाकला तर टेबलाचा ठोकाही येतो, म्हणून स्टुलावर टॉवेलची घडी आणि त्यावर फोन.

मग तीन जागा तपासा. प्रत्येक जागी आधी तोंडाने बोला, "पहिली जागा, बारावा फ्रेट, एक वीत", आणि अर्धा मिनिट तेच वाजवा. दुसरी जागा ब्रिजच्या मागे. तिसरी तुमच्या उजव्या कानाजवळून खाली गिटारकडे बघणारी. इअरफोन लावून ऐका आणि एक निवडा. या अर्ध्या तासात आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा माझ्या दुसऱ्या माईकने पडला नव्हता.

पाचवी पायरी: तीनच टेक

लाल ठिपका दिसला की हात दगड होतात. सगळ्यांचे होतात. यावर माझा नियम असा की एका बैठकीत तीनच टेक (गाणं रेकॉर्ड करायचे प्रयत्न) घ्यायचे आणि चुकलं तरी थांबायचं नाही. थांबायची मुभा दिली की पहिले चार बार साठ वेळा वाजतात आणि शेवट एकदाही वाजत नाही. मग अण्णा जिन्यात भेटतात.

करकरणारी खुर्ची बदला. शर्टाची बटणं गिटारला घासतात, बनियनवर बसा. प्रत्येक टेकआधी सूर तपासा, नवी तार दोन-तीन दिवस उतरतच राहते. ठिपका दाबल्यावर पाच सेकंद गप्प बसा, ती शांतता पुढे कामाला येते.

सहावी पायरी: दुसऱ्या दिवशी ऐका

त्याच दिवशी ऐकू नका. त्या दिवशी आपण एकतर स्वतःवर फिदा असतो किंवा गिटार विकायला निघालेलो असतो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसा. एकदा इअरफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर, जमलं तर एकदा कुणाच्या गाडीत. जे खटकेल ते वेळेसकट लिहा.

माझ्या पहिल्या यादीत नऊ गोष्टी होत्या. पिक हातात आल्यावर लय पळत होती. सी वरून डी वर जाताना एक मात्रा अडखळत होती. जाड तार किंचित उतरलेली होती. एका ठिकाणी तार खणखणत होती, कारण बोट फ्रेटपासून लांब पडत होतं. मधे श्वास ऐकू येत होता, तो मला पुढे आवडायला लागला. असं करत नऊ. त्या नऊपैकी पैसे देऊन सुटणारी एकच होती: जुन्या तारा.

वहीचं दुसरं पान खरेदीचं. काही घ्यावंसं वाटलं की तारीख टाकून तिथे लिहायचं. वेगवेगळ्या तीन पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये एकच अडचण आली आणि हात, तार, खोली यातल्या कशानेच सुटली नाही, तरच त्या वस्तूचा विचार. माझ्या पानावर रिव्हर्बचं (मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारं) पेडल तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा आदल्या रात्री व्हिडिओ बघितलेला होता, असं तारखांवरून दिसतं.

सातवी पायरी: एकावर एक, पण चारच

एक टेक पूर्ण झाला की दुसरी गिटार वर चढवायची हौस येते. यावी. त्यासाठीची सॉफ्टवेअर आहेत: फोनवर बँडलॅब, ॲपलवाल्यांना गॅरेजबँड, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी, हे तिन्ही फुकट आहेत. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं. यातलं कुठलं चांगलं यावर एक दुपारसुद्धा घालवू नका.

स्वतःला चार ट्रॅकच द्या, म्हणजे एकावर एक चढवायचे चारच थर. १९७९ साली टीॲक कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं यंत्र काढलं, पोर्टास्टुडिओ १४४. त्यामुळे एकट्या माणसाला घरच्या खोलीत थरावर थर चढवता आले. पुढे त्यावर केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगच्या थेट ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. आज शंभर ट्रॅक मिळतात म्हणून आपण शंभर वेळा निर्णय पुढे ढकलतो.

पहिला ट्रॅक तोच, बोटांचा. दुसऱ्यात तेच पुन्हा खरंखुरं वाजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे सरकवा. पहिल्याचीच नक्कल करून चिकटवली तर आवाज पसरत नाही. दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच आलं की कानाला ते मधोमधच वाटतं. पसरतो तो दोन वेळच्या वाजवण्यातल्या बारीक फरकामुळे. तिसऱ्या ट्रॅकला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावा आणि जी, ई मायनर, सी, डी च्या जागी सी, ए मायनर, एफ, जी चे आकार धरा. सूर तेच राहतात, पोत वरचा आणि चमकदार येतो. एफ जड जात असेल तर एफ मेजर सेव्हन धरा, इथे तो खुलतोच. चौथा ट्रॅक आवाजाला, शिट्टीला किंवा टेबलावरच्या ठेक्याला.

आधीचं ऐकत नवं वाजवताना वायरचेच इअरफोन हवेत. ब्लूटूथचा आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि तुमचा प्रत्येक ट्रॅक मागे पडतो. मी तीन दिवस स्वतःच्या लयीला शिव्या दिल्या, मग कळलं.

मिक्सला फार वेळ नको. सगळ्यात मोठा ठोका मीटरवर उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या (तिथे शून्य म्हणजे कमाल), त्यापेक्षा वर ढकलू नका. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ८२ हर्ट्झला बोलते, त्यामुळे ७० च्या खालचं कापलंत तर गिटारचं काही जात नाही, रस्त्यावरच्या ट्रकची घरघर जाते.

मग विकत काय घ्यायचं

वहीने तीनदा सांगितलं असेल तर या क्रमाने: सेटअप, मग कान झाकणारा वायरचा हेडफोन, मग दोन चॅनेलचा साधा इंटरफेस आणि एक माईक. आपल्या खोल्यांसाठी मी डायनॅमिक माईक सुचवेन. कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि तो गिटारबरोबर कुकरची शिट्टीही प्रेमाने टिपतो. शूरचा एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला डायनॅमिक माईक आजही स्टुडिओत गिटारपुढे लावतात, तेव्हा दरवर्षी नवं मॉडेल यायची वाट बघायला नको.

इलेक्ट्रिकवाल्यांनी इंटरफेसवर गिटारसाठी वेगळं 'इन्स्ट्रुमेंट' बटण आहे का ते बघा. ते न दाबता लावली तर आवाज मलूल येतो. अँप आणि पेडलच्या जागी सध्या न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर पुरे, ते फुकट आहे. सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबकी तुकडे) घूं घूं करत असतील तर खुर्चीसकट हळूहळू फिरा. एका दिशेला घूं सगळ्यात कमी होते, तिथे थांबा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं तरी बरंच जातं. दुकानात गेलात तर तुमचं स्वतःचं ३६ बारचं गाणं तिथे वाजवून बघा. दुकानदाराने वाजवून दाखवलेलं सगळंच छान वाटतं.

शेवटचं काम

फाईल बाहेर काढा. नावात 'फायनल' लिहू नका, तारीख लिहा. दोन माणसांना पाठवा, त्यातला एक गिटार न वाजवणारा असू दे, आणि त्याच आठवड्यात पुढच्या गाण्याचा कागद भिंतीला लावा.

माझ्याकडे आता अशा सात फाईली आहेत. सातवीत एक मिनिट अठ्ठावन्नाव्या सेकंदाला, शेवटचा जी अजून हवेत असताना, भिंतीपलीकडून बारीक आवाज येतो: "संपलं का, का लाईट गेली बे?" तो मी कापलेला नाही.